ऑकमध्ये `$4 < 3.5` दिलं तर भलत्याच ओळी येतात; तुलना नेमकी कशी होते?

संकलनकेंद्र

नमस्कार. दूध संकलनाच्या रोजच्या फाइलमधून कमी फॅटच्या नोंदी वेगळ्या काढायच्या आहेत. फाइल विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमधून निघते, काही नोंदी नंतर हातानं भरल्या जातात. मी ती उबुंटूवर ऑकने (awk, ओळी-रकान्यांचा मजकूर गाळण्याचं साधन) वाचतो. नमुना असा:

```
खाते,गाव,लिटर,फॅट,एसएनएफ,प्रकार
007,कऱ्हाड,8.5,3.8,8.6,गाय
012,ओगलेवाडी,11,3.50,8.5,गाय
019,मसूर,6,३.२,८.४,गाय
023,उंब्रज,9.5,,8.5,गाय
031,मसूर,4,10.2,9.1,म्हैस
044,कऱ्हाड,7,4.1,8.4,गाय
```

विभाजक म्हणून स्वल्पविराम दिलेला आहे, म्हणजे `$4` हा चौथा रकाना, फॅट. नियम असा की गायीच्या दुधाला किमान 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीच्या दुधाला 6.0 आणि 9.0. सध्या फॅटवरच अडकलोय. काय दिलं आणि काय मिळालं ते लिहितो.

`$4 < 3.5` दिलं तर फक्त 023 ची ओळ येते, जिथं फॅट भरलेलंच नाही. 019 चं फॅट खरोखर कमी आहे, ती येत नाही.

`$4 >= 3.5` दिलं तर वरची शीर्षकाची ओळ येते, आणि 019 पण येते.

`$4 == "3.5"` ला 012 यायला हवी होती. एकही ओळ नाही.

`$6 == "गाय"` लाही एकही ओळ नाही.

`$4 = 3.5` दिलं तर सगळ्या ओळी येतात, सगळ्यांचं फॅट 3.5 होतं आणि स्वल्पविराम गायब होतात.

एकदाही त्रुटीसंदेश नाही. अटी लिहिताना नेमकं काय चुकतंय?

---

पाइपलाइन

ऑकनं पाचही वेळा नियमाप्रमाणेच उत्तर दिलंय. तुम्ही गृहीत धरलेला नियम वेगळा आहे, एवढंच.

आधी लिहिण्याबद्दल एक: इफ, एल्स, प्रिंट, एनआर असे अक्षरी शब्द मी इथं देवनागरीत लिहितोय, टंकताना ते इंग्रजी लिपीतच हवेत. शक्य तिथं नुसत्या चिन्हांचे प्रोग्राम देतो. ऑकमध्ये ते जमतं, कारण साध्या गाळणीसाठी इफ लागतच नाही. एकेरी कोटांत नुसती अट लिहिली की ती खरी ठरलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी छापली जाते.

आता तुलना. दोन्ही बाजू आकडे असतील तरच आकड्यांची तुलना होते. एक जरी बाजू मजकूर असेल तर दुसरीही मजकूर मानली जाते आणि डावीकडून एकेक अक्षर ताडून पाहिलं जातं. रकान्यातली किंमत आकडा की मजकूर, हे ऑक त्या त्या ओळीत ठरवतं: पूर्ण रकाना आकड्यासारखा दिसला तर आकडा, नाहीतर मजकूर. मागेपुढे मोकळी जागा असलेली चालते, मध्ये दुसरं काही असलेलं चालत नाही. म्हणजे `$4 < 3.5` हीच अट एका ओळीवर आकड्यांची तुलना करते आणि पुढच्याच ओळीवर मजकुराची. सगळा घोळ इथं आहे.

तुमच्या ओळींवर हे लावून बघा. 007 मध्ये 3.8 हा आकडा, 3.5 हा आकडा, उत्तर बरोबर. 023 मध्ये रकाना रिकामा. रिकामा रकाना आकडा दिसत नाही, म्हणून तो मजकूर ठरला, आणि रिकामा मजकूर कुठल्याही भरलेल्या मजकुराच्या आधी येतो. त्यामुळे `<` खरं. शीर्षकात "फॅट" हा मजकूर आहे. "फ" चा संकेतांक "3" च्या कितीतरी पुढे, म्हणून `>=` खरं. 019 मधला ३.२ आपल्याला आकडा वाटतो, पण ऑकला फक्त 0 ते 9 हे आकडे कळतात, देवनागरी आकडे त्याला अक्षरंच. तीही "3" च्या पुढे येतात. म्हणून देवनागरीत लिहिलेलं कितीही कमी फॅट `>= 3.5` मध्येच सापडणार.

`$4 == "3.5"` मध्ये तुम्ही उजवी बाजू कोटांत टाकून स्वतःच मजकूर केलीत. "3.50" आणि "3.5" हे दोन वेगळे मजकूर. कोट काढून `$4 == 3.5` लिहा, 012 लगेच येईल. कोटांचा याहून वाईट परिणाम `$4 < "6.0"` मध्ये दिसेल: 031 चं फॅट 10.2 आहे, तरी ती कमी फॅटमध्ये येईल, कारण "1" हे अक्षर "6" च्या आधी आहे. आकडा हवा असेल तर कोट नकोत, मजकूर हवा असेल तर कोट हवेतच.

एकेरी `=` म्हणजे तुलना नाही, भरणं. `$4 = 3.5` नं प्रत्येक ओळीच्या चौथ्या रकान्यात 3.5 भरलं. भरलेली किंमत शून्य नाही, म्हणून अट खरी, म्हणून ओळ छापली. रकाना बदलला की ऑक अख्खी ओळ पुन्हा जुळवतं आणि त्यासाठी छपाईचा विभाजक वापरतं, जो न सांगितल्यास मोकळी जागा असतो. स्वल्पविराम त्यामुळे गेले. आणि `$4 = 0` लिहिलं असतं तर एकही ओळ आली नसती, कारण भरलेली किंमत शून्य म्हणजे अट खोटी. छापलेल्या ओळींतले स्वल्पविराम उडाले की आधी प्रोग्राममध्ये कुठं एकेरी `=` राहिलंय का ते शोधा.

एक सल्ला हमखास मिळेल: रकान्यात शून्य मिळवा, `$4+0 < 3.5`, म्हणजे तो सक्तीनं आकडा होतो. तो खरंच आकडा होतो, पण रिकाम्याचा 0 होतो, "फॅट" चा 0 होतो आणि "३.२" चाही 0 होतो. मग शीर्षक, 019 आणि 023 तिन्ही कमी फॅटच्या यादीत येतात. 019 योगायोगानं बरोबर, बाकी दोन चूक. पैसे कापण्याचा हिशेब यावर होणार असेल तर हे चालणार नाही.

म्हणून आधी रकाना आकडा आहे का ते तपासा, मग तुलना करा. आकडा नसलेल्या ओळी अशा दिसतील:

`$4 !~ /^[0-9]+(\.[0-9]+)?$/`

तुमच्या नमुन्यावर शीर्षक, 019 आणि 023 एवढ्या तीन ओळी येतील. त्या डोळ्यांनी बघून दुरुस्त करा. आणि गाळणी अशी:

`$4 ~ /^[0-9]+(\.[0-9]+)?$/ && $4 < 3.5`

`^` आणि `$` विसरू नका, नाहीतर "3.2?" सारखी नोंदही आकडा म्हणून पास होईल. टिंबाआधीची तिरपी रेघही हवी, नुसतं टिंब कुठल्याही एका अक्षराला जुळतं.

---

टंकमित्र

वरचं उत्तर पूर्ण आहे. `$6 == "गाय"` राहिलं, ते सांगतो.

विंडोजची फाइल म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह. ऑक नवीन ओळीच्या खुणेवर ओळ तोडतं, कॅरेज रिटर्न मात्र शेवटच्या रकान्याला चिकटून राहतो. तुमचा सहावा रकाना "गाय" नसून "गाय" अधिक एक न दिसणारं चिन्ह आहे. खात्री करायची तर

`$6 == "गाय\015"`

देऊन बघा. 015 हा कॅरेज रिटर्नचा अष्टमान संकेतांक. ओळी आल्या तर रोग तोच. फाइलमध्ये कुठंही तो आहे का हे नुसत्या `/\015/` नं कळतं.

उपाय दोन. फाइल कायमची साफ करायची असेल तर डॉस-टू-युनिक्स हे साधन चालवा. मूळ फाइलला हात लावायचा नसेल तर ऑकला विभाजक म्हणून स्वल्पविरामाऐवजी `,|\015` द्या. मग कॅरेज रिटर्न हाही विभाजक होतो, सहावा रकाना स्वच्छ मिळतो आणि त्यापुढे एक रिकामा सातवा रकाना उरतो. छापल्या जाणाऱ्या ओळीत मात्र तो तसाच राहील, हे लक्षात असू द्या. `$6 ~ /^गाय/` नंही काम भागतं, पण त्यात "गायरान" पण सापडेल. प्रकाराच्या रकान्यात हे येणार नाही, गावाच्या रकान्यात हीच सवय अंगाशी येते. `~` म्हणजे "यात कुठंतरी सापडतं", `==` म्हणजे "तंतोतंत हेच". `$2 ~ /मसूर/` ला "मसूर रोड" पण मिळेल.

देवनागरी आकडे बदलायला सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची वाय आज्ञा सगळ्यात सोपी: पहिल्या यादीत `०१२३४५६७८९`, दुसऱ्या यादीत `0123456789`. जीनू सेडला यासाठी यूटीएफ-8 लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची मांडणी) लागतं. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलं तर लोकॅल बऱ्याचदा साधं सी असतं आणि मग दोन्ही याद्यांची लांबी जुळत नाही अशी त्रुटी येते, कारण तिथं प्रत्येक देवनागरी आकडा तीन बाइट मोजला जातो. क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये लोकॅल स्वतः ठरवून द्या.

टीआर (अक्षरं बदलणारी दुसरी आज्ञा) हे काम करेल असं वाटतं. करू नका. जीनूचं टीआर बाइट-बाइट बदलतं. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असतो आणि तो ० पासून ९ पर्यंतच्या आकड्यांतही असतो. `०-९` चं `0-9` करायला सांगितलं की आकडे सुधारत नाहीतच, वर गावांची सगळी नावं कचरा होतात.

फाइल एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणून साठवली असेल तर तिच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट असतात. तुमच्याकडे पहिली ओळ शीर्षकाची आहे म्हणून नुकसान नाही. शीर्षक नसलेल्या फाइलमध्ये मात्र पहिलं खातं `$1 ==` च्या अटीत सापडत नाही, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

---

संकलनकेंद्र

दोघांचेही आभार. `$6 == "गाय\015"` ला पाच ओळी आल्या, म्हणजे तेच होतं. आकडेही सेडनं बदलून घेतले, 023 चं फॅट वहीतून बघून भरलं.

आता दोन्ही प्रकार आणि एसएनएफ एकत्र करायचंय. मी हे लिहिलं:

`$6 == "गाय" && $4 < 3.5 || $5 < 8.5`

आणि दुसरं, दर काढताना 3.5 च्या वर प्रत्येक 0.1 फॅटला एक पायरी धरतो: `इंट(($4 - 3.5) / 0.1)`. 044 चं फॅट 4.1 आहे, म्हणजे सहा पायऱ्या. ऑक पाच सांगतं. हा काय प्रकार?

---

कृष्णाकाठ

पायऱ्यांचं आधी, कारण त्यात शेतकऱ्याचे पैसे जातात.

4.1 हा आकडा संगणक द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवू शकत नाही. 3.5 साठवता येतो, कारण तो सात भागिले दोन आहे. 4.1 साठी सगळ्यात जवळचा मिळणारा आकडा किंचित कमी आहे. त्यातून 3.5 वजा केले की 0.5999999999999996 उरतात, 0.6 नाही. त्याला 0.1 नं भागलं की 5.99 आणि पुढे बरेच 9, आणि इंट तर अपूर्णांक कापूनच टाकतं. उरले पाच. याच कारणानं `$4 - 3.5 >= 0.6` ही अटसुद्धा 4.1 ला खोटी ठरते. पण `$4 >= 4.1` खरी ठरते, कारण रकान्यातला 4.1 आणि प्रोग्राममधला 4.1 दोन्ही त्याच जवळच्या आकड्यात साठतात. म्हणून शक्य तिथं वजाबाकी करून फरकाची तुलना करू नका, सरळ आकड्याची करा.

पायऱ्या मोजायच्या असतील तर आधी पूर्णांक करा, मग वजा करा:

`इंट($4 * 10 + 0.5) - 35`

4.1 ला 41 उणे 35 म्हणजे 6. 3.50 ला 0. 3.2 ला उणे 3. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी 3.5 वजा करून मग 0.5 मिळवून इंट केलंत, तर 3.5 च्या खाली चुकेल. इंट शून्याच्या दिशेनं कापतं, त्यामुळे 3.2 ला उणे 3 ऐवजी उणे 2 मिळेल. फॅट दोन दशांश स्थळांपर्यंत येत असेल तर 100 नं गुणा आणि 350 वजा करा, मात्र मग मिळालेल्या पायऱ्या 0.01 च्या असतील. रकमांच्या तुलनेतही हेच: रुपयांत `==` करू नका, दोन्ही बाजूंचे पैसे करून पूर्णांकांची तुलना करा.

आता अट. `&&` हे `||` पेक्षा घट्ट बांधतं. तुमच्या ओळीचा अर्थ झाला: गाय असून फॅट कमी, किंवा मग कुठलंही जनावर आणि एसएनएफ 8.5 खाली. 8.7 एसएनएफची म्हैस त्यात सापडणार नाही, जी तुमच्या 9.0 च्या नियमानं सापडायला हवी. कंस घाला:

`$6 == "गाय" && ($4 < 3.5 || $5 < 8.5)`

दोन्ही प्रकारांसाठी त्रिपद चालक वापरायचा मोह होतो:

`$6 == "गाय" ? ($4 < 3.5) : ($4 < 6.0)`

हे चालतं, आणि अट म्हणून एकटंही देता येतं. पण यात "गाय नाही" म्हणजे "म्हैस" असं धरलंय. प्रकार भरायचा राहिला तर 3.8 फॅटचं गायीचं दूध म्हशीच्या मापानं कमी ठरेल. माझं मत स्पष्ट आहे: जिथं नोंदी हातानं भरल्या जातात तिथं दोन्ही बाजू नाव घेऊन लिहा.

`($6 == "गाय" && ($4 < 3.5 || $5 < 8.5)) || ($6 == "म्हैस" && ($4 < 6.0 || $5 < 9.0))`

आणि यातून निसटलेल्या ओळी वेगळ्या बघा:

`$6 != "गाय" && $6 != "म्हैस"`

इथं `&&` च हवं. `||` लिहिलं तर अट प्रत्येक ओळीला खरी होते, कारण कुठलीही नोंद एकाच वेळी गाय आणि म्हैस असू शकत नाही, दोनपैकी एक "नाही" नेहमी खरंच असतं.

पाइपलाइन यांनी दिलेली आकड्याची तपासणी आता चौथ्या आणि पाचव्या दोन्ही रकान्यांना लावा, आणि ती या अटीत न कोंबता आधीच्या वेगळ्या टप्प्यात ठेवा. रिकाम्या एसएनएफनंही `<` खरं होतं.

चाचणीसाठी 012 ची ओळ फाइलमध्ये कायम ठेवा. 3.50 आणि 8.5, दोन्ही नेमक्या सीमेवर. किमान 3.5 म्हणजे 3.5 चालतं, म्हणून `<`. चुकून `<=` पडलं तर 012 लगेच यादीत दिसेल.

---

पाइपलाइन

याच कामात आणखी काही ठिकाणी अडाल, म्हणून थोडक्यात.

`प्रिंट $4 > 3.5` लिहू नका. प्रिंटच्या मागचं `>` तुलना करत नाही, ते फाइलमध्ये लिहितं. चालू फोल्डरमध्ये "3.5" नावाची फाइल तयार होईल आणि पडद्यावर काही येणार नाही. तुलनेचं उत्तर छापायचं तर कंस: `प्रिंट ($4 > 3.5)`. ते 1 किंवा 0 छापेल.

`3.5 <= $4 <= 4.5` हे गणितात चालतं. जीनू ऑक याला वाक्यरचनेची त्रुटी म्हणतं, ते बरंच. काही ऑक मुकाट्यानं स्वीकारतात आणि पहिल्या तुलनेच्या उत्तराची, म्हणजे 0 किंवा 1 ची, 4.5 शी तुलना करतात. ती नेहमी खरी. दोन अटी लिहा: `$4 >= 3.5 && $4 <= 4.5`.

प्रोग्राम दुहेरी कोटांत दिलात तर `$4` ऑकपर्यंत पोचतच नाही. शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आधी त्याच्या जागी स्वतःचा चौथा पॅरामीटर घालतो, जो बहुतेक वेळा रिकामा असतो, आणि ऑकच्या हाती नुसतं `< 3.5` पडतं. बाहेरचे कोट एकेरीच ठेवा. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या प्रोग्राममध्ये कोट वाकडे झालेले असतात, तेही सरळ करून घ्या.

नुसता रकाना अट म्हणून दिला, उदाहरणार्थ `$4`, तर रिकामा, "0" आणि "0.0" खोटे ठरतात. एक मोकळी जागा असलेला रकाना खरा ठरतो, आणि देवनागरी "०" सुद्धा खरा. "भरलंय का" हे तपासायला मी नुसता रकाना कधीच वापरणार नाही. `$4 ~ /[0-9]/` लिहा.

---

टंकमित्र

गावाप्रमाणे गाळणार असाल तर मराठी मजकुराच्या `==` बद्दल हे वाचून ठेवा.

कऱ्हाड हे नाव दोन प्रकारे टंकलं जातं. एका कीबोर्डवर "ऱ" हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग "ह". दुसऱ्यावर साधा "र", हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक, शून्यरुंदीचा. कऱ्हाड आणि कर्‍हाड पडद्यावर सारखेच दिसतात, ऑकसाठी ते दोन वेगळे मजकूर. `$2 == "कऱ्हाड"` अर्ध्या ओळी सोडून देईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. "ॲ" चंही तसंच: एक अखंड अक्षर, किंवा "अ" वर चंद्र. जोडक असलेल्या ओळी अशा सापडतात:

`$2 ~ "\342\200\215"`

तीन अष्टमान आकडे म्हणजे त्या जोडकाचे यूटीएफ-8 मधले तीन बाइट. कराड असं लिहिणारेही असतात, ते तर उघडच वेगळं. गावाच्या नावावर तुलना करण्यापेक्षा गावाला एक क्रमांक द्या आणि तुलना क्रमांकावर करा.

दुसरं, डेबियन आणि उबुंटूवर वेगळं काही बसवलं नसेल तर ऑक म्हणजे मॉक (ऑकचाच एक वेगळा प्रकार) असतं. ते वेगवान आहे, पण अक्षरं न मोजता बाइट मोजतं. `/[०-९]/` असं लिहून देवनागरी आकडे शोधायला गेलात तर मॉक चौकोनी कंसातल्या बाइटांचा संच बनवतं, आणि त्या संचात प्रत्येक देवनागरी अक्षराचा पहिला बाइट येतो. परिणाम: मराठीतली प्रत्येक ओळ जुळते. मॉकवर चौकोनी कंस टाळून उभ्या रेघेनं लिहा:

`$4 ~ /०|१|२|३|४|५|६|७|८|९/`

हे दोन्हीकडे बरोबर चालतं. नाहीतर जीनू ऑक बसवा, यूटीएफ-8 लोकॅलमध्ये त्याला `[०-९]` नीट कळतं.

---

संकलनकेंद्र

कंस घातल्यावर 019 आणि 044 दोन्ही आल्या, 012 आली नाही. पायऱ्याही सहा. गावांना क्रमांक देतोय.

शेवटचं विचारतो. या फाइलमधली खाती बँकेला पाठवायच्या यादीशी जुळवायची आहेत. बँकेच्या यादीत सभासद क्रमांक 7 असा आहे, इथं 007. शिवाय काहींचे बँक खाते क्रमांक १७ अंकी आहेत. दोन रकाने `$1 == $2` असे जुळवले तर चालेल?

---

कृष्णाकाठ

सभासद क्रमांकाला चालेल, बँक खात्याला अजिबात नाही.

दोन्ही रकाने आकड्यासारखे दिसतात, म्हणून `$1 == $2` ही आकड्यांची तुलना. 007 आणि 7 समान ठरतील, तुम्हाला तेच हवंय. पण ऑक आकडे दुहेरी अचूकतेच्या अपूर्णांकात ठेवतं आणि 9007199254740992 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक वेगळा साठत नाही. 12345678901234567 आणि 12345678901234568 ही दोन खाती `==` ला एकच वाटतात. एकाचे पैसे दुसऱ्याला जातील. रिकामा मजकूर जोडून तुलना सक्तीनं मजकुराची करा:

`$1 "" == $2 ""`

जोडणी तुलनेच्या आधी होते, म्हणून कंस लागत नाहीत. मात्र आता 007 आणि 7 वेगळे ठरतात. म्हणून प्रत्येक रकान्यासाठी ठरवा: तो मोजायचा आकडा आहे की नुसती खूण. लिटर, फॅट, रक्कम मोजायच्या. खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक या खुणा, त्या मजकूर म्हणूनच जुळवा. अक्षर मिसळलेल्या क्रमांकातही हाच धोका: 1, मग इंग्रजी ई, मग 2 असा क्रमांक ऑकला आकडा दिसतो आणि 100 च्या बरोबरीचा ठरतो.

दोन फाइली जुळवताना सहसा पहिली अॅरेमध्ये (किल्लीवरून किंमत शोधायच्या यादीत) भरून दुसरी तिच्याशी ताडतात. अॅरेची किल्ली नेहमी मजकूर असते. तिथं 007 आणि 7 या दोन वेगळ्या किल्ल्या, जरी `==` त्यांना समान म्हणत असलं तरी. सभासद क्रमांकासाठी दोन्ही फाइलींत किल्ली म्हणून `$1+0` वापरा, दोन्हीकडे 7 होईल. बँक खात्याला `+0` लावू नका.

बँकेची यादी एक्सेलमध्ये उघडून साठवली असेल तर आधी ती तपासा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच सांभाळतं, पुढच्या जागी शून्यं भरतं, आणि सुरुवातीची शून्यं उडवतं. 1 ते 9 पैकी काहीही शेवटी असलेला १७ अंकी क्रमांक 00 नं संपताना दिसला तर तो तिथंच बिघडलाय, ऑकमध्ये कुठलीही अट लिहून तो परत मिळणार नाही. अशा ओळी शोधायला, बँक खातं दुसऱ्या रकान्यात धरून:

`$2 ~ /^[0-9]+00$/ && $2+0 > 999999999999999`

निघालेल्या प्रत्येक ओळीचं खातं पासबुकावरून पडताळा, आणि बँकेकडून नवी फाइल मागताना तो रकाना मजकूर स्वरूपात ठेवायला सांगा.